चौथ्या शिराबेचा टोप

१

आमच्या नाटक मंडळीत चेहरा ज्याने त्याने आपला आपण रंगवायचा. मालक असोत की काल आलेला नट, आरशासमोर बसायचं, भुवयांवर मेण थापायचं, पांढरा रंग मानेपर्यंत ओढायचा, आणि कुणी कुणाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. डोकं मात्र माझं. पस्तीस वर्षं मी तोकिमुरा मंडळीचे केसांचे टोप बांधते आहे. दुपारचा खेळ एकला, संध्याकाळचा सहाला, दर महिन्याला नवं गाव. पण सकाळी दहाला मी जिथे असेन तिथे गुडघे मोडून बसलेली असते, पुढ्यात लाकडी ठोकळ्यांवर टोप, दातांत दोरा, आणि हाताला कॅमेलियाच्या तेलाचा वास.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा ट्रक चालवायचा. तो कुठल्या गावात किती वेळ थांबला ते मी त्याच्या शर्टाच्या वासावरून ओळखायची. पुढे तो त्यातल्याच एका गावात कायमचा राहिला. म्हणजे माझा संशय खरा होता, एवढं समाधान मला आहे.

तर टोपाच्या आत तांब्याच्या पातळ पत्र्याची कवटी असते, आणि केस तिच्यावर बसवलेले असतात. ही कवटी नटाच्या डोक्यावर ठेवून पाहायची, काढायची, हातोडीने हलके हलके ठोकायची, पुन्हा ठेवायची. डोक्याला जिथे टेंगूळ तिथे पत्र्याला फुगवटा, डोकं जिथे खोलगट तिथे पत्रा खोलगट. दोन माणसांचं डोकं कधी सारखं नसतं. ज्या बाईंनी मला हे काम शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की जुनी कवटी नव्या डोक्यावर ठोकल्याशिवाय चढवायची नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

या नोव्हेंबरात बेप्पू गावी मी तो नियम मोडला, आणि मोडला तोही पोटच्या पोराच्या डोक्यावर.

२

शिराबे हे आमच्या मंडळीतलं सगळ्यात मोठं नाव. ते बापाकडून मुलाला मिळत नाही, ते चेहऱ्याला मिळतं. शिराबे पहिल्या अंकात कोवळा तलवारबहाद्दर असतो आणि शेवटी पंखा घेऊन बाई होऊन नाचतो. दोन्ही वेळा बघणाऱ्याला वाटतं की हा धड पुरुष नाही, धड बाई नाही, मधलंच काहीतरी आहे आणि ते दोघांहून देखणं आहे. लांब डोळे, भुवयांचा नुसता भास, मुठीत मावेल एवढी हनुवटी. हल्ली शाळकरी मुली मोबाइलवर असल्या पोरांची चित्रं लावून फिरतात. त्यांच्या आज्या शिराबेचा फोटो उशीखाली ठेवायच्या.

तिसरा शिराबे म्हणजे आमचे मालक, गेन्झो. एकतिसाव्या वर्षी त्यांनी नाव उतरवलं, आणि पुढे एकतीस वर्षं ते रिकामंच होतं. मालकांकडे बघून कुणाला हे खरं वाटत नाही. कुरूप नाहीत ते. चेहरा लक्षात राहत नाही, एवढंच. सिगारेट आणायला गेले तर दुकानदार दहाव्या दिवशीही त्यांना नवं गिऱ्हाईक समजतो. मी पस्तीस वर्षं रोज बघते, पण त्यांचं नाक कसं आहे असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. बारा महिने डोक्याला लोकरीची टोपी.

माझा तेप्पेई अठरा वर्षांचा, बापावर गेलेला. रुंद डोकं, झाडूसारख्या भुवया, आणि खायला बसला की भातावर आडवा हात मारणार. पण ऑगस्टमध्ये गंमत म्हणून त्याला बाईचा वेष चढवला, आणि खेळ बघत डबे खाणारं अख्खं नाट्यगृह जेवता जेवता थांबलं. मालकांनी मला बोलावून घेतलं.

"अठ्ठावीस नोव्हेंबरच्या दुपारच्या खेळाला नामकरण करू," ते म्हणाले. "चौथा शिराबे."

"मालक, ओसाकाचा कारागीर नव्या कवटीला तीन महिने लावतो. त्याच्याकडे आधीच रांग आहे."

"मग पुतण्याला देऊ नाव. त्याचं डोकं लहान आहे."

पुतण्याचं तोंड म्हणजे उकडलेला बटाटा. मालक मला मुद्दाम डिवचत होते, हे मला कळत होतं. तरी मी डिवचली गेले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे केस विंचरले, आता माझं पोर त्या जागी बसायला निघालं होतं.

त्यांनी जांभळ्या कापडातून जुना टोप काढला. शिराबेचाच, पहिल्यापासूनचा. केस दर पिढीला नवे बसवलेले, आत कवटी तीच.

"हा घे. फक्त हातोडी लावू नकोस. डोकं बसतं आपोआप."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. डोकं कसं बसेल? कवटी बसवायची असते. पण मी टोप उचलला आणि चालू लागले.

३

बेप्पूला पहिल्या दिवशी कवटी दोन बोटं लहान पडली. टोपाखाली कपाळाला रेशमी पट्टी बांधतात, ती मागे ओढली की डोळ्यांची टोकं वर जातात आणि डोळा लांब दिसतो. मी ती गुडघा टेकून ओढली.

"आई, मेंदू बाहेर येईल."

"असला तर येईल."

"मग तुझ्यावर गेलोय म्हण की."

मी त्याच्या डाव्या कानामागे टिचकी मारली. तिथे त्याला चंद्रकोरीसारखा व्रण आहे. सहा वर्षांचा असताना सामानाच्या ट्रकवरून पडला, पेटीच्या कुलपावर आपटला, चार टाके पडले. त्याला हात लागला की लहानपणापासून तो मान आत ओढून घेतो, कासवासारखी. तेव्हाही घेतली आणि शिवी हासडली.

मी रोज पट्टी थोडी जास्त ओढत गेले. हे मी केलं, कुणी करवून घेतलं नाही. रोज कवटी थोडी खाली उतरायची आणि मला बरं वाटायचं. दर दोन दिवसांनी मी दोऱ्याने त्याच्या डोक्याचं माप घेत होते, तेवढी माझी शिस्त, आणि मापाला दोऱ्यावर गाठ मारत होते. दहा तारखेला दोरा उलगडून पाहिला. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीच्या अलीकडे पडली होती. डोकं दीड बोट आटलं होतं.

दोरा आटला असेल, म्हटलं. बेप्पूला जमिनीतून वाफ निघते, आमचं विश्रामगृहच गरम झऱ्यावर, भिंतीसुद्धा ओल्या. मी नवा, कोरडा दोरा घेऊन माझं स्वतःचं डोकं मोजलं, तोच दोरा वाफेत दोन दिवस टांगला आणि पुन्हा मोजलं. केसाइतकाही फरक नव्हता.

४

मग मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागले. पहिला संशय उपासाचा. मी रोज खारवलेला आलुबुखार घालून भाताचे तीन गोळे देत होते, ते पेटीमागे तसेच सापडले, चार दिवसांचे, दगड झालेले. दुसरा संशय गोळ्यांचा. त्याचं सामान उपसलं, काही मिळालं नाही. तिसरा संशय पोरीचा, आणि खरं सांगते, पोरगी सापडली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

सतरा तारखेला तो चेहरा रंगवत असताना मी मागे टोप घेऊन बसले होते. त्याला रंगायला तासभर लागायचा आणि दर पाच मिनिटांनी "आई, डावा डोळा वाकडा झालाय का" असं विचारणं असायचं. त्या दिवशी बारा मिनिटांत झालं. ओठ शेवटी, एका फटक्यात. मी आरशात पाहायला गेले तेव्हा दिसलं की आरशावर फडकं तसंच टाकलेलं होतं. त्याने ते काढलंच नव्हतं.

"न बघता रंगवलास?"

"हाताला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

खेळ सुटला की नट रंगासकट दारात उभे राहून प्रेक्षकांना निरोप देतात. आमच्या नेहमीच्या सावादा आजी, वय सत्तर, पूर्वी केस कापायचं दुकान चालवायच्या, त्या तेप्पेईचा हात धरून उभ्या होत्या. तो वाकून काहीतरी बोलला आणि आजी लाजल्या. त्या वयात बाई एवढी लाजताना मी पाहिली नव्हती.

मी त्यांना चपलांपाशी गाठलं. "काय म्हणाला हो?"

"जळतेस काय? विचारलं, ती निळी छत्री सापडली का." आजी तोंडावर हात धरून हसत होत्या. "एकोणीस वर्षांची होते. कोकुराला शिराबेला बघायला गेले आणि छत्री विसरले. परत गेले तर तो स्वतः शोधायला लागला, रंगासकट. तुमच्या मालकांची कमाल आहे, असलं सगळं लिहून ठेवतात आणि पोरांकडून पाठ करून घेतात."

"त्याला बघून काय वाटतं तुम्हाला?"

"माझा नवरा गेला, दात गेले, दुकान गेलं. हा तस्साच."

मी मालकांकडे गेले. आजींची ती एक्कावन्न वर्षांपूर्वीची छत्रीची गोष्ट तुम्ही पढवलीत का, असं सरळच विचारलं.

"एक्कावन्न वर्षांपूर्वीचं?" मालकांनी टोपी खाली ओढली. "अगं, मी अकरा वर्षांचा होतो. या मंडळीत आलोही नव्हतो."

मग पोराला छत्रीचं कुठून कळलं, हे त्यांनी विचारलंच नाही, आणि ते मला जास्त खटकलं.

५

वीस तारखेला सकाळी मी त्याच्या खोलीत शिरले. गेले कितीतरी दिवस मी त्याला रंगाशिवाय पाहिलंच नव्हतं. तो सगळ्यांच्या नंतर आंघोळीला जायचा आणि सगळ्यांच्या आधी रंगून बसायचा. दारं कागदाची, बाहेर लख्ख ऊन, पायाखालची चटई वाफेने मऊ झालेली. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी वाकून पाहिलं. चेहरा धुतलेला, स्वच्छ. भुवया नव्हत्या.

बहुतेक नट भुवया भादरतात. मीही तेच म्हटलं मनाशी. पण भादरलं की खुंट राहतात, आणि बापाच्या त्या भुवया, त्या तर दुपारपर्यंत परत उगवतील अशा. मी बोट फिरवलं. कपाळ गुळगुळीत होतं, तिथे कधी काही उगवलंच नव्हतं असं.

"आई, हात गार आहे तुझा," तो न वळता म्हणाला.

माझ्या जिवात जीव आला. आई म्हणाला ना. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि स्वतःला चांगलं झापलं, की फुमिए, नवऱ्यावर संशय घेतलास तो घेतलास, आता पोरावरही?

त्याच दुपारी पट्टी बांधताना केस अडकले आणि मी हिसका दिला. समोरून हसणं ऐकू आलं.

"हळू, घिसाडघाई."

घिसाडघाई हे माझं नाव. मी नवीन होते, एकोणीस वर्षांची, धसमुसळी, आणि तिसरा शिराबे मला त्या नावाने चिडवायचा. चार वर्षं. त्याने नाव उतरवलं आणि तेव्हापासून मला कुणी तसं म्हटलं नाही. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते आठवलं की मला अजून थोडं बरं वाटायचं, आणि असल्या गोष्टी बाई पोराला सांगत नाही.

मालक हिशेबाच्या खोलीत चहा घेत होते.

"मालक, तुम्ही मला पूर्वी काय म्हणायचा?"

"फुमिए. दुसरं काय म्हणणार?"

"एक टोपणनाव होतं."

त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. मला ते बघवेना. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तुला राग येईल," ते शेवटी म्हणाले, "पण ती वर्षं मला आठवत नाहीत. मी नाचायचो, असं लोक सांगतात."

६

नामकरण झालं की जुन्या नावाने कुणी हाक मारायची नाही, हा आमचा रिवाज. आईनेसुद्धा नाही. मला तो रिवाज चांगला वाटत आला होता, कारण दुसऱ्या आयांना गप्प होताना मी पाहिलं होतं आणि माझी पाळी कधी आली नव्हती.

सत्तावीस तारखेला मी दोन पिशव्या भरल्या. कागोशिमाला माझी बहीण असते, तिचं माशांचं दुकान आहे.

"तेप्प्या, ऊठ. मावशीकडे जाऊ. नाव गेलं खड्ड्यात."

तो आरशासमोर बसला होता. आरशावर फडकं. वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. काय सुंदर दिसत होता. मी आई आहे, मला शोभत नाही, पण मला भरून आलं ते आधी त्या सुंदरपणाने, आणि भीती मागून आली.

"कुणाला हाक मारलीत?" त्याने विचारलं. अगदी अदबीने, पाहुण्याशी बोलावं तसं.

"तुला."

"हो का," तो म्हणाला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसला.

७

अठ्ठावीसला सकाळी अकराला त्याची पट्टी बांधायला बसले. बाहेर सावादा आजी आणि त्यांच्या मैत्रिणी जेवणाचे डबे घेऊन पहिल्या ओळीत जागा धरत होत्या, त्यांची हसाहस पडद्यामागे येत होती. मी डाव्या कानामागे बोट नेलं. काही नव्हतं. खाली नेलं, वर नेलं, उजवीकडे पाहिलं. व्रण नाही, टाके नाहीत, नुसती मऊ कातडी. त्याने मान आत ओढली नाही.

"काय शोधताय?"

"काही नाही," मी म्हटलं.

तो देवघरापुढे डोकं टेकायला गेला. मी टोप घेऊन सामानाच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. हातोडी माझ्या पेटीत होतीच. ठरवलंच होतं मी. दहा घाव घातले की तांबं चपटं होणार, मग ना टोप, ना नामकरण. मालकांनी हाकललं तर हाकललं.

टोप उलटा करून मांडीवर घेतला, केस खाली, कवटी वर. कुठून मारावं म्हणून आत बोट फिरवलं. पत्रा गार असायला हवा होता. तो तापातल्या पोराच्या मानेसारखा कोमट होता.

डाव्या बाजूला बोट अडखळलं. बारीक, चंद्रकोरीसारखा उंचवटा. त्याच्या कडेला चार ठिपके. ठोकलेल्या पत्र्याला हातोडीची खूण राहते, आणि मी तिथे हातोडी लावली नव्हती. मी त्याच्यावरून पुन्हा बोट फिरवलं, आणि पत्रा आत सरकला. जरासाच. मान ओढून घेतल्यासारखा.

"तेप्प्या," मी म्हटलं.

हातोडी माझ्या उजव्या हातात होती. ती मी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

दार सरकलं. मालक उभे होते. त्यांनी हातोडी पाहिली, मांडीवरचा टोप पाहिला, माझं बोट कुठे आहे ते पाहिलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी टोपी काढली. नाव उतरवल्यापासून एकतीस वर्षांत मी त्यांना टोपीशिवाय पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तरी काय पाहिलं ते मला सांगता येत नाही. ते माझ्याशेजारी गुडघे मोडून बसले.

"उजवीकडे बघ गं," ते म्हणाले. "कानाच्या वर. तिथे मला एक होतं ना?"

होतं. जन्मापासून, सोयाबीनच्या दाण्याएवढं टेंगूळ. चार वर्षं मी त्याच्यावरून पट्टी बांधली होती.

मी बोट उजवीकडे नेलं. वाटेत आणखी खुणा लागल्या, त्या कुणाच्या ते मी पाहिलं नाही.

"आहे," मी म्हटलं.

"कोमट आहे?"

"हो."

"बरं," मालक म्हणाले. त्यांनी टोपी घातली, डोळे पुसले आणि पडद्याची दोरी धरायला निघून गेले.

घंटा झाली. मी टोप घेऊन गेले आणि शिराबेच्या डोक्यावर ठेवला. पट्टी ओढावी लागली नाही. बाहेर सावादा आजींनी नाव पुकारलं, चौथा शिराबे, आणि त्यांच्यामागून सगळ्या बायका.

आता डिसेंबर आहे आणि आम्ही कोकुराला आहोत. तो टोप मी ट्रकमध्ये देत नाही, मांडीवर घेऊन येते. जुन्या नावाने कुणाला हाक मारत नाही, रिवाज पाळते. सकाळी दहाला विंचरायला बसले की मालक शेजारी येऊन बसतात. उजवी बाजू आधी घे, असं ते कधी म्हणत नाहीत, पण मी घेते. मग डावीकडे वळते, आणि कानामागे आले की हात हलका करते. तिथे ओढलेलं त्याला लहानपणापासून सहन होत नाही.